रानडुकरांसाठी रायफल की बाराबोअर? सोलापूरच्या सपाट रानात शस्त्र आणि काडतूस निवडताना

दरवर्षी मक्याला कणसे धरू लागली आणि ऊस माणसाच्या डोक्यावर गेला की सीना-भीमेच्या काठच्या गावांतून कोणी ना कोणी शेतकरी माझ्याकडे येतो, एका रात्रीत लोळवलेल्या पिकाचे मोबाईलवरचे फोटो दाखवतो आणि विचारतो, "काका, डुकरांसाठी रायफल घ्यायची म्हणतोय, कोणती घेऊ?" त्याला .315 किंवा .30-06 असे एका आकड्यात उत्तर हवे असते. मी उलट विचारतो, "गोळी हुकली तर तुझ्या रानात ती थांबणार कुठे?" बहुतेकांनी हा विचार केलेलाच नसतो. आमच्या घरात वडिलांच्या वेळेपासून पीक संरक्षणाची दुनळी बंदूक आहे आणि गेली अनेक वर्षे ती माझ्या नावावर आहे. या काळात जितक्या रात्री चाप ओढला, त्याहून कितीतरी अधिक रात्री भरलेली काडतुसे काढून तसाच रानातल्या माळ्यावरून, म्हणजे मचाणावरून, खाली उतरलो, आणि त्या उतरण्याचे कारण बहुतेक वेळा हाच प्रश्न होता. म्हणून शस्त्राची निवडही याच प्रश्नापासून सुरू करावी असे माझे मत आहे.

आधी कागद

रानडुक्कर हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित प्राणी आहे. या कायद्यात 2022 मध्ये झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली असून तिच्यानुसार रानडुकराचा समावेश अनुसूची 2 मध्ये आहे. उभ्या पिकाला किंवा माणसाच्या जिवाला धोका निर्माण झाला असेल, तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात नसताना केलेली शिकार हा गुन्हा ठरतो. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत फक्त मारणे येत नाही. फास लावणे, सापळा रचणे, आमिष ठेवणे, हाकारा करून प्राणी हुसकणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे हेही त्यात येते. दहा जणांनी डबे बडवत उसातून डुकरे बाहेर काढायची आणि बांधावर एकाने बंदूक घेऊन उभे राहायचे, हा आपल्याकडचा जुना प्रकार परवानगीशिवाय केला तर डबे बडवणारेही आरोपी होऊ शकतात.

शस्त्राचा परवाना आणि वन विभागाची परवानगी हे दोन वेगळे कागद आहेत. परवान्यावर "पीक संरक्षण" असे लिहिलेले आहे, म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळालीच, असा समज गावोगाव पसरलेला आहे आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. वन विभागाकडे अर्ज करताना सातबारा उतारा, गट क्रमांक, पिकाची नोंद, आधीच्या नुकसानीचे पंचनामे आणि तारखेसह फोटो जोडावेत. परवानगी मिळाल्यावर तिच्यातील अटी एकेक करून वाचाव्यात. किती दिवसांसाठी आहे, कोणत्या गटापुरती आहे, रात्रीचा उल्लेख आहे का, किती प्राण्यांसाठी आहे आणि प्रत्यक्ष कोणी बार टाकायचा आहे, हे सगळे त्या एका पानावर असते आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरच अवलंबून असतो.

शस्त्र परवान्याबाबत शस्त्र अधिनियम, 1959 काय सांगतो ते पाहिले की अर्ध्या लोकांचा रायफलचा आग्रह आपोआप कमी होतो. कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे समाधान झाले, तर किमान 20 इंच नळीची गुळगुळीत नळीची, म्हणजे रायफलसारखे आतून पेच नसलेली, बंदूक देता येते असे पुढे म्हटले आहे. रायफल या कलमाच्या या भागात येत नाही; तिच्यासाठी वेगळे आणि भक्कम कारण मांडावे लागते. म्हणून अर्जात "डुकरांचा त्रास आहे" एवढेच न लिहिता, एकूण क्षेत्र किती, नदीकाठ किंवा वेड्या बाभळीचे रान किती अंतरावर आहे, कोणत्या हंगामात काय नुकसान झाले आणि ठासणीची बंदूक का पुरत नाही, हे मुद्देसूद लिहावे. जिल्ह्याच्या ग्रामीण भागासाठी अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि शहर हद्दीत पोलीस आयुक्तालयाकडे जातो. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते आणि ते केवळ कागद म्हणून आणू नये, खरोखर शिकून घ्यावे.

उत्तर सोलापूर आणि त्याच्या आसपासच्या शेतकऱ्यांसाठी आणखी एक बाब आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यामुळे वन्यजीव कायद्याचे कलम 34 येथे लागू होते. अभयारण्याच्या 10 किलोमीटर परिसरात राहणाऱ्या परवानाधारकाला आपल्या शस्त्राची वन विभागाकडे नोंद करावी लागते आणि त्या परिसरात नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय दिला जात नाही. याच माळावर काळवीट, लांडगे आणि खोकडे फिरतात, त्यामुळे अंधारात हललेली प्रत्येक सावली डुकराची असते असे समजणे तेथे फार महागात पडते. शहरालगतच्या गावांत तर गावठी डुकरेही रात्री रानात शिरतात. ती कोणाच्या तरी मालकीची असतात आणि त्यांचा वाद वन विभागाकडे न जाता थेट पोलीस ठाण्यात जातो.

जमिनीचे गणित

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आपले रान सपाट आहे. कोकणातल्यासारखी मागे डोंगराची भिंत नाही, घनदाट जंगल नाही; शेताच्या पलीकडे शेत, त्याच्या पलीकडे वस्ती आणि मध्ये मोटारीची खोपी, असा हा मुलूख आहे. .30-06 सारख्या रायफलची गोळी वर रोखलेल्या कोनात सुटली तर ती काही किलोमीटर जाते. साध्या .22 च्या काडतुसांच्या पेटीवरसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते.

पुढचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. डुकराच्या छातीचा मधला भाग जमिनीपासून साधारण 40 सेंटिमीटर उंचीवर धरू. तुम्ही बांधावर उकिडवे बसला आहात, नळी जमिनीपासून 90 सेंटिमीटरवर आहे आणि डुक्कर 40 मीटरवर आहे. गोळी अंगातून आरपार गेली तर ती त्याच्या मागे आणखी 32 मीटर गेल्यावर जमिनीला टेकते, आणि ती डुकराच्या अर्धा मीटर वरून हुकली तर जमिनीला जवळजवळ समांतर निघून जाते. तेच तुम्ही 4 मीटर उंच माळ्यावर बसला असाल आणि नळी 5 मीटरवर असेल, तर त्याच 40 मीटरवर आरपार गेलेली गोळी डुकरामागे साडेतीन मीटरवर मातीत जाते. डुक्कर 25 मीटरवर असेल तर दोन-सव्वादोन मीटरवरच. शिवाय जमिनीशी होणारा कोनही महत्त्वाचा आहे. 40 मीटरवर तो साडेसहा अंशांच्या आसपास असतो आणि एवढ्या कमी कोनात कडक मुरमाला किंवा उघड्या कातळाला लागलेली गोळी उसळून पुढे जाऊ शकते. 25 मीटरवर हा कोन दहा अंशांवर जातो, आणि खाली नांगरलेली काळी माती असेल तर गोळी बहुधा तिथेच रुतते. आपल्याकडे दख्खनचा काळा पाषाण कधी अर्ध्या फुटावर लागतो, त्यामुळे दिवसा जाऊन, ज्या पट्ट्यात बार टाकायचा त्या पट्ट्यातली जमीन पायाखाली घालून पाहिल्याशिवाय जागा ठरवू नये.

एकदा हे गणित समजले की पहिली खरेदी कोणती करायची ते स्पष्ट होते. ती माळ्याची करावी. चार भक्कम खांब, वर फळ्या, तीन बाजूंनी कठडा आणि समोर बंदूक टेकवायला आडवा वासा, एवढे असले तरी पुरे. माळा अशा ठिकाणी उभारावा की डुकरांची रोजची वाट 20 ते 30 मीटरवरून जाईल, वारा त्या वाटेकडून तुमच्याकडे येईल आणि बाराच्या रेषेत वस्ती, रस्ता, मोटारीची खोपी किंवा पाणी धरणाऱ्या शेजाऱ्याची जागा नसेल. डुकराची नजर बेताची असते पण नाक फार तीक्ष्ण असते. वारा उलटा असेल तर कितीही भारी शस्त्र असले तरी कळप समोर येणार नाही.

आणि 25 मीटरवरच बार टाकायचा असेल, तर रायफलची गरज किती उरते हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

बाराबोअर

माझ्या मते सोलापूर जिल्ह्यातील बहुसंख्य शेतकऱ्यांसाठी 12 बोअरची गुळगुळीत नळीची बंदूक हीच योग्य निवड आहे. एक पौंड शिशातून सारख्या आकाराचे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसतो ती बारा बोअर, असे या नावाचे मूळ आहे. प्रत्यक्षात नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर असतो. एकनळी स्वस्त आणि साधी असते. दुनळीत दुसरा बार तत्काळ हाताशी असतो आणि जखमी जनावराच्या बाबतीत त्याला फार मोल आहे. म्हणून पैसे थोडे जास्त लागले तरी दुनळी घ्यावी असे मी सांगतो.

दुनळीच्या दोन्ही नळ्या सारख्या नसतात. नळी तोंडाशी थोडी चिंचोळी केलेली असते, त्याला चोक म्हणतात. जुन्या पद्धतीच्या बंदुकांत उजव्या नळीला चोक कमी आणि डाव्या नळीला जास्त असतो. छऱ्यांसाठी हा फरक उपयोगी असतो, पण एकसंध गोळ्यासाठी तो धोक्याचा ठरू शकतो. गोल बॉलचे काडतूस फुल चोकच्या नळीतून कधीही सोडू नये. पेटीवर चोकसाठी चालेल असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच त्याचा विचार करावा. घेतलेल्या बंदुकीच्या कोणत्या नळीला किती चोक आहे हे विक्रेत्याकडून मोजून घ्यावे आणि परवान्याच्या पिशवीत चिठ्ठी करून ठेवावे.

जुनी बंदूक घेताना, किंवा घरातली वारसाने नावावर करून घेताना, पाहण्याच्या गोष्टी थोड्या पण निर्णायक आहेत. नळी बिजागरीतून उघडून आकाशाकडे धरावी आणि आतून पाहावे. आतली चमक अखंड हवी, काळे खड्डे किंवा एका बाजूला पडलेली सावली दिसली तर नळीला पोचा किंवा गंज आहे असे समजावे. बंदूक बंद करून दस्ता काखेत धरावा आणि नळी हलवून पाहावी. बिजागरीत खडखड जाणवली तर ती आधी शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावी. जुन्या वाड्यांतून कधी कधी नळीवर वेलबुट्टीसारखी नागमोडी नक्षी असलेली देखणी बंदूक निघते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या असतात. त्यांत आजची नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या दारूची काडतुसे घालू नयेत. ती बंदूक भिंतीवरच छान दिसते.

सर्वांत फसवी गोष्ट आहे ती काडतुसाच्या लांबीची. जुन्या अनेक बंदुकांत काडतूस बसायची घरे 65 मिलिमीटरची असतात आणि नव्या काडतुसांवर 70 मिलिमीटर लिहिलेले असते. ही लांबी काडतूस उडाल्यानंतर उघडलेल्या टरफलाची असते. त्यामुळे न उडालेले 70 चे काडतूस 65 च्या घरात अगदी सुखाने बसते, बंदूक बंदही होते, आणि बसले म्हणजे चालते असे वाटते. बार होताना मात्र टरफलाचे तोंड उघडायला जागा पुरत नाही, आतला दाब वाढतो आणि बिजागरी, नळी, कधी हातही जायबंदी होतो. नळीच्या खालच्या बाजूला कोरलेली घराची लांबी वाचता आली नाही तर मोजून घेतल्याशिवाय एकही काडतूस विकत घेऊ नये. त्याचप्रमाणे 20 बोअरचे काडतूस 12 बोअरच्या खिशात कधीही जाऊ देऊ नये. ते नळीत घसरून पुढे अडकते, घर रिकामे दिसते, मग मागून 12 चे भरले जाते आणि नळी फुटते.

काडतूस

परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतील ते लिहिलेले असते, त्यामुळे निवड विचारपूर्वक करावी लागते. दुकानात 12 बोअरसाठी पक्ष्यांच्या बारीक छऱ्यांपासून एसजी, एलजी हे जाड छर्रे आणि एकसंध बॉलपर्यंत बरेच प्रकार दिसतात. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसे आपल्या भागात सर्वांच्या परिचयाची आहेत.

बारीक छर्रे डुकरासाठी पूर्णपणे बाद समजावेत. "नुसते घाबरवायला" म्हणून पाठीवर छर्रे सोडणारे महाभाग मला भेटलेले आहेत. त्यातून जनावर पळते खरे, पण जखमा चिघळून दहा-पंधरा दिवसांनी कुठेतरी उसात मरते, आणि परवानगीशिवाय ती शिकारच असते. एसजीच्या छऱ्याचे वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि एलजीच्या छऱ्याचे पावणेपाच ग्रॅमच्या आसपास असते. जुन्या इंग्रजी मापाने एका औंसात एसजीचे आठ आणि एलजीचे सहा छर्रे बसतात. कळपातल्या मध्यम जनावरासाठी 20 मीटरच्या आत एलजी काम करते. पण एकटा फिरणारा मोठा नर असेल तर त्याच्या खांद्यावर कातडीखाली कुर्चेसारखा कडक थर असतो, जणू अंगात ढाल शिवलेली असावी, आणि अंतर थोडे वाढले की एलजीचे छर्रे त्यातच अडकतात. अशा वेळी एक औंस किंवा त्याहून अधिक वजनाचा एकसंध बॉलच खरा. तो नळीतून सेकंदाला 400 मीटरच्या आसपास वेगाने निघतो, आत खोलवर जातो आणि त्याचा हिशेब सोपा असतो, कारण तो एकच असतो.

छऱ्यांचा हिशेब सोपा नसतो, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका पहाटे बांधावर बसून मी 45-50 पावलांवरच्या डुकरावर एलजीचा बार टाकला. डुक्कर निघून गेले. सकाळी पलीकडच्या शेतातल्या शेजाऱ्याने हाक मारून त्याच्या ठिबकची मेन लाइन दाखवली. पांढऱ्या पाइपला बोट जाईल एवढे गोल भोक आणि त्यातून उडणारी पाण्याची धार. पाइप जमिनीपासून वीतभर उंचीवर होता. तो हसत होता, पण आदल्या दिवशी त्याच वेळेला तो तिथे दारे धरायला बसला होता हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होते. त्या दिवसापासून मी जमिनीवर बसून बार टाकलेला नाही आणि दोन्ही नळ्यांत बॉलच भरतो. काही जण उजवीकडे बॉल आणि डावीकडे एलजी भरतात. दिवसा ते ठीक आहे, अंधारात आणि छातीत धडधड असताना कोणत्या चापाला काय भरले आहे याची आठवण राहत नाही, असा माझा अनुभव आहे. अर्थात डाव्या नळीचा चोक बॉलसाठी योग्य असेल तरच हे करता येते, नाहीतर एकाच नळीवर भागवावे.

काडतुसे कोरड्या जागी, कुलपात आणि बंदुकीपासून वेगळी ठेवावीत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत पडलेल्या काडतुसांची दारू तापून दाब अनिश्चित होतो. जुनी कागदी टरफलांची काडतुसे पावसाळ्यात फुगतात आणि घरात अडकतात, ती वापरूच नयेत.

भाकरीएवढी खूण

कोणतेही शस्त्र आणि कोणतेही काडतूस घेतले तरी ते तुमच्या हातात किती अंतरापर्यंत भरवशाचे आहे, हे आधी कागदावर पाहिले पाहिजे. हे काम परवानगी असलेल्या चांदमारीच्या जागेतच करावे, रानात नव्हे. खताची दोन-तीन रिकामी पोती उसवून एकत्र शिवावीत, ताणून बांधावीत आणि मध्ये ज्वारीच्या भाकरीएवढे वर्तुळ काढावे. डुकराचे काळीज आणि फुप्फुसांचा मुख्य भाग बाहेरून पाहता साधारण तेवढ्याच जागेत येतो.

15 मीटरवरून सुरुवात करून पाच-पाच मीटर मागे जावे आणि प्रत्येक नळीतून वेगवेगळा बार टाकावा, कारण दुनळीच्या दोन नळ्या बॉल एकाच जागी टाकतील याची कसलीही खात्री नसते. ज्या अंतरावर टेकून टाकलेल्या तीन बारांपैकी एकही बॉल भाकरीच्या बाहेर जाऊ लागेल, त्याच्या पाच मीटर अलीकडे तुमची हद्द संपते. एलजीसाठी, निम्म्याहून कमी छर्रे वर्तुळात पडू लागले की थांबावे. माझ्या बंदुकीची हद्द बॉलने 30 मीटर आहे. दुसऱ्याच्या त्याच कंपनीच्या बंदुकीची 40 असू शकते. ही हद्द ठरली की माळ्यावरून दिसणाऱ्या जमिनीवर त्या अंतरावर चुन्याचे पांढरे दगड ठेवावेत, कारण रात्री अंतराचा अंदाज हमखास फसतो.

रायफल कोणी घ्यावी

रायफलला माझा सरसकट विरोध नाही. नदीकाठी उंच दरड समोर असेल, ओढ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठाच्या मातीच्या भिंतीवर बार पडणार असेल, किंवा बार्शीकडच्या बालाघाटाच्या उतारांसारखी जागा असेल, जिथे डुक्कर 50 ते 100 मीटरवर दिसते आणि त्याच्या मागे जमीनच असते, तिथे रायफल बाराबोअरपेक्षा नक्कीच चांगले आणि नेमके काम करते. एक गोळी, योग्य जागी आणि जनावर तिथल्या तिथे, हे रायफलने अधिक सहज साधते.

आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकाच्या आवाक्यातली रायफल म्हणजे .315. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याची ही रायफल जुन्या ली-एनफिल्डच्या घडणीवर बेतलेली आहे. तिची 244 ग्रेन, म्हणजे पावणेसोळा ग्रॅमच्या आसपास वजनाची गोळी सेकंदाला साधारण 600 मीटर वेगाने निघते. हल्लीच्या मानाने ही गोळी सावकाश आणि जड आहे, आणि डुकरासाठी 100 मीटरच्या आत हा दोष नसून गुण आहे. ती हाडाला घाबरत नाही. तिच्या काडतुसाला मागे बाहेर आलेली कडा असते. मॅगझिनमध्ये भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे राहील असे पाहावे, नाहीतर दुसऱ्या बाराला बोल्ट अडकतो आणि नेमका तेव्हाच अडकतो. .30-06 ची गोळी बहुतेक वेळा 150 ते 180 ग्रेनची असते आणि वेग सेकंदाला 800 मीटरच्या वर जातो. डुकराला ती पुरेशीपेक्षा जास्त आहे, धक्का आणि काडतुसाचा खर्च दोन्ही मोठे आहेत, आणि सपाट रानात तिचा दूरवरचा पल्ला हीच तिची अडचण आहे. .22 ची रायफल मात्र डुकरासाठी घेऊच नये. एवढ्याशा गोळीने जनावर जखमी होते, मरत नाही. .303 किंवा 9 मिलिमीटर यांसारखे लष्करी बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत, तेव्हा त्यांची चर्चाच नको.

रायफलची गोळी निवडताना सॉफ्ट नोज, म्हणजे पुढे शिसे उघडे असलेली गोळी घ्यावी. ती आत शिरल्यावर पसरते, जनावर लवकर पडते आणि आरपार जाण्याची शक्यता कमी होते. संपूर्ण तांब्याच्या आवरणातली गोळी बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाते. तिने डुक्कर दूरवर पळते आणि गोळी त्याहूनही दूर. रायफलची माशी, म्हणजे नेम धरायची नळीवरची खूण, 50 मीटरवर जुळवून घ्यावी. दुर्बीण लावली असेल तर कमी ताकदीची, जास्त उजेड घेणारी असावी; जास्त ताकदीच्या दुर्बिणीत 25 मीटरवरच्या डुकराचे फक्त केस दिसतात.

बार, आणि त्यानंतर

डुकराच्या पाठीवरचे राठ केस उभे असले की त्याचे शरीर आहे त्यापेक्षा उंच दिसते आणि नवखा माणूस हमखास वर मारतो. काळीज पुढच्या पायाच्या कोपराच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात असते. जनावर आडवे उभे असेल तेव्हाच, पुढच्या पायाची मागची रेषा धरून, शरीराच्या खालच्या एक-तृतीयांशावर माशी टेकवावी. समोरून, पाठीमागून, पळताना किंवा पिलांच्या घोळक्यात बार टाकू नये. दोन डुकरे एकापाठोपाठ एक रेषेत असतील तर थांबावे. बोट चापाबाहेर असावे आणि सेफ्टी शेवटच्या क्षणी काढावी, कारण माळ्यावर डुलकी लागते हे आपण सगळेच जाणतो.

बार झाल्यावर माळ्यावरून लगेच उतरू नये. किमान अर्धा तास कान देऊन बसावे. जनावर उसात किंवा मक्यात शिरले असेल तर रात्री त्याच्यामागे कोणीही जाऊ नये. जखमी नर सुळ्यांनी मांडी फाडतो आणि उसात दोन हातांपलीकडचे दिसत नाही. उजाडल्यावर वन कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊनच माग काढावा. मारलेले जनावर कलम 39 प्रमाणे शासनाच्या मालकीचे असते. त्याचा पंचनामा होतो आणि विल्हेवाट वन विभागाच्या सूचनेप्रमाणेच लावावी लागते. मांसाचा वाटा करणे, सुळे काढून ठेवणे किंवा त्याच्याबरोबरचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकणे, यांपैकी काहीही करू नये. पहिली दोन कृत्ये सरळ गुन्हा आहेत आणि तिसरे कृत्य त्यांचा पुरावा ठरू शकते.

कुंपणात थेट वीज सोडणे किंवा कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवणे, हे मार्ग काही जण बंदुकीपेक्षा स्वस्त म्हणून वापरतात. पहाटे पाणी धरायला गेलेली माणसे आणि बांधावर चरणारी गुरे अशाने मेलेली आहेत, आणि मालकावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. कमी ऊर्जेचा, ठरावीक अंतराने क्षणभर झटका देणारा सौर कुंपणाचा संच वेगळा. तो बंदुकीच्या आधी करून पाहण्यासारखा उपाय आहे आणि माळ्यावर जागण्याच्या रात्रीही त्याने कमी होतात.

रात्र संपल्यावर नळीतून आधी तेलाचा आणि मग कोरडा बोळा फिरवावा, उडालेली टरफले मोजून पिशवीत ठेवावीत आणि वहीत तारीख, गट क्रमांक, उडालेली व उरलेली काडतुसे लिहून ठेवावीत. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी हा हिशेब विचारला जातो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा करताना बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्यावी, आणि परत घेताना नळी तिथेच आकाशाकडे धरून आतून पाहावी.